फळीवरचा आकडा वाचा

गेल्या रविवारी भाईंदर पश्चिमेला एका ओळखीच्या घरी सिंकखालचं कपाट उघडून पाहिलं. काम जेमतेम तीन वर्षांपूर्वीचं. दाराच्या खालच्या कडेला बोट लावलं, तर प्लायचे पापुद्रे हातात आले. बाहेरचा सनमायका मात्र नव्यासारखा चमकत होता. वहिनी म्हणाल्या, “आम्ही चांगला प्लाय मागितला होता हो, पैसेही दिले.” त्यांनी बिल काढून दाखवलं. त्यावर एवढंच होतं: ‘मरीन प्लाय, उत्तम’.

‘उत्तम’ या शब्दावर कुणालाच जाब विचारता येत नाही. या सदरात रंगसंगतीवर, प्रकाशावर बरंच लिहून झालं. आज मालाच्या निवडीवर लिहितो, कारण मीरा-भाईंदरमध्ये घर टिकतं की नाही ते इथेच ठरतं. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र आणि मध्ये मिठागरं. ज्या खाऱ्या वाऱ्यावर इथे पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकलं, तोच वारा आज टॉवरच्या खिडक्यांतून आत येतो. वर पावसाळ्याचे चार महिने. अशा गावात कॅटलॉगमधला फोटो पाहून माल निवडणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

प्लायचंच घ्या. साध्या एमआर प्रतीच्या प्लायमध्ये सहसा युरियाचा गोंद असतो. तो दमटपणा सोसतो, साचलेलं पाणी नाही. बीडब्ल्यूआर प्रतीत फिनॉलचा गोंद, तो पाण्याला दाद देत नाही. या दोन्ही प्रती आयएस ३०३ या मानकातल्या. खरा मरीन प्लाय आयएस ७१० चा. त्याचा नमुना चाचणीत ७२ तास उकळतात, तरी थर सुटता कामा नयेत. बेडरूममधल्या कपाटाला ७१० लागत नाही, तिथे पैसे वाचवा. सिंकखाली, बाथरूमच्या भिंतीला टेकून आणि खिडकीच्या बैठकीला मात्र हात आखडू नका. ‘मरीन’ हा शब्द फळीवर कुणीही छापू शकतो. म्हणून आयएसआय चिन्हाजवळचा मानकाचा आकडा आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक वाचा. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तिथल्या तिथे तपासता येतो.

बिजागऱ्यांच्या स्टीलचंही तेच, आकडा वाचा. भाईंदर पूर्वेला गल्लोगल्ली स्टीलची भांडी घडतात, तरी आपण स्टील ओळखायला लोहचुंबक लावतो. ३०४ आणि २०२ या दोन्ही प्रतींना चुंबक सहसा चिकटत नाही, मग परीक्षा कसली? ३०४ मध्ये निकेल साधारण ८ टक्के असतं. २०२ मध्ये ते कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, म्हणून खाऱ्या हवेत ती आधी गंजते. उत्तनसारख्या अगदी किनाऱ्यावर बाल्कनीच्या कठड्याला ३१६ लावावं. त्यातलं २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम मिठाशी झुंजतं.

आता अवघड गोष्ट. दुकानाकडून सुताराला किंवा डिझायनरला कमिशन मिळतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. माझं मत स्पष्ट आहे: डिझायनरने आपली फी घरमालकाकडून उघडपणे घ्यावी आणि दुकानाकडून काही मिळत असेल तर ते आधी सांगावं. माल शोधणं, नमुने आणणं, तपासणं हे मेहनतीचं काम आहे. त्याचे पैसे मालाच्या भावात लपवले, की हलका माल भारी ठरायला वेळ लागत नाही.

घरमालकांनी एवढंच करावं: कोटेशनमध्ये प्रत्येक ओळीपुढे कंपनी, जाडी आणि मानकाचा आकडा लिहून घ्यावा. माल उतरला की सनमायका चिकटवण्याआधी शिक्क्याचा फोटो काढावा. एकदा सनमायका चढला, की फळीची जात दिसत नाही.

वहिनींनी नव्या कपाटासाठी दोन दुकानांतून तळहाताएवढे तुकडे आणले आणि जुन्या पातेल्यात उकळत ठेवले. एवढ्याने ७१० सिद्ध होत नाही, पण खोटं उघडं पडतं. तासाभरात एकाचे थर फुगून सुटले. दुसरा संध्याकाळपर्यंत तसाच होता. नव्या बिलावर ‘उत्तम’ नाही. तिथे ‘आयएस ७१०’ लिहिलंय आणि खाली दुकानदाराची सही आहे.