सहा डायलिसिसची मुदत

अर्ज झाले, निवेदनं झाली, हात जोडून झाले. आता जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यातल्या डायलिसिसच्या रुग्णांकडून तहसीलला हा इशारा.

पूर्णाकाठच्या गावांत वर्षानुवर्षं बोअरचं खारं पाणी प्यायलं गेलं आणि गावोगाव किडनी गेलेली माणसं आहेत. दोष एकट्या पाण्याचा की आणखी कशाचा, यावर तज्ज्ञांनी खुशाल वाद घालावा. आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास मशीनला लागलेला माणूस फवारणीचा पंप पाठीवर घेऊ शकत नाही, यावर वाद नाही. तरी अर्जाच्या खिडकीपाशी ऐकावं लागतं, "हातपाय त धड हायेत न भाऊ तुमचे?"

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. त्यांत सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे. या रुग्णांचेही हातपाय बहुतेकदा धडच दिसतात. म्हणजे न दिसणारा आजार कायद्याला दिसतो. निकामी किडनी तेवढी दिसत नाही. नवा प्रकार अधिसूचनेनं जोडण्याची सोय कायद्याच्या परिशिष्टातच आहे, संसदेत जायची गरज नाही. एस.टी.च्या साध्या गाडीत डायलिसिसच्या रुग्णाचा प्रवास मोफत आहे. कंडक्टरला जे कळतं, ते दिल्लीला कळायला काय हरकत आहे?

संजय गांधी निराधार योजनेत दुर्धर आजारी बसतात. नियमात क्षय, कर्करोग, पक्षाघात अशी नावं देऊन पुढे 'यांसारख्या' लिहिलं आहे. त्या एका शब्दात आम्ही आहोत, आणि तोच वाचायचा राहतो. शिवाय दिव्यांगाला उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये, आम्हाला २१,०००. अख्ख्या घराचे दिवसाला अठ्ठावन्न रुपये! एवढ्यात जगणारं घर तालुक्यात कुणी दाखवावं, आम्ही त्याच्या पाया पडू.

म्हणून आमचं मागणं. 'यांसारख्या'त डायलिसिस धरून अर्ज घ्या. साखरेनं पाय किंवा नजर गेलेल्यांची दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीची तपासणी तालुक्याला शिबिर लावून करा. राजूर घाट चढून बुलढाण्याला जाण्याचं त्राण त्यांच्यात नाही. नाकारायचं असेल तर कारण लिहून, सही करून द्या. प्रमाणपत्र नाकारलं तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं, पण तोंडी नकारावर अपील कशाचं करायचं?

मुदत सहा डायलिसिसची. आठवड्याला दोन या हिशेबानं तीन आठवडे. तीनवाल्यांचा हिशेब धरला असता तर दोनच मिळाले असते, ही सवलत समजा.

आमरण उपोषणाला आम्ही बसणार नाही. पाण्याचे घोट आम्ही रोजच मोजतो, त्याचं कुणाला काही वाटलेलं नाही. सातव्या डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी आम्ही फायली घेऊन येऊ, प्रत्येक नकाराचं कारण माहितीच्या अधिकारात मागू आणि तीस दिवस मोजू. येताना प्रत्येकाच्या हातात गावच्या बोअरच्या पाण्याची बाटली असेल. ती साहेबांच्या टेबलावर, बिसलेरी उचलून तिच्या जागी ठेवू. बोलणं साहेबांनी पहिला ग्लास संपवल्यावर सुरू होईल.