जीव वाचला, आणखी काय हवे?

कर्करोगातून उठलेल्या माणसासाठी आपल्या समाजाने एक वाक्य तयार ठेवले आहे : 'जीव वाचला, आणखी काय हवे?' वाक्य सहानुभूतीचे दिसते. माझ्या मते ते अत्यंत निर्दय आहे. पंचविशीतली मुलगी उपचार संपवून घरी येते. पुढे तिला कळते की आपली पाळी गेली ती कायमची. 'हे मला आधी का सांगितले नाही?' एवढेच ती विचारते, आणि तिच्या तोंडावर हे वाक्य फेकले जाते. तिने कृतज्ञ राहावे, प्रश्न विचारू नयेत, हा त्याचा खरा अर्थ!

भांडण औषधांशी नाही. सायक्लोफॉस्फामाइडसारखी औषधे कर्कपेशी मारता मारता बीजकोशांवरही घाव घालतात; ओटीपोटावर दिलेले किरणही तेच करतात. पुरुषाची शक्ती कधी परत येते, कधी येत नाही. स्त्रीचा बीजसाठा तर जन्मतःच ठरलेला. गेला तो गेला. औषध कोणते, मात्रा किती, वय काय, यावर हानी अवलंबून असते हे खरे. पण म्हणूनच हा हिशेब रुग्णापुढे आधी मांडला पाहिजे. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ सालीच आपल्या सभासदांना हे बजावले आहे.

यावर पहिले उत्तर येते : वेळ नसतो. पुरुषाचे वीर्य गोठवून ठेवायला एक दिवस पुरतो. स्त्रीची बीजे काढायला सुमारे दोन आठवडे लागतात, आणि त्यासाठी पाळीच्या तारखेची वाट पाहावी लागत नाही. स्तनाच्या कर्करोगातही लेट्रोझोल देऊन, शरीरातील इस्ट्रोजेन फारसे चढू न देता, हे साधता येते. तीव्र रक्तकर्करोगात एवढेही थांबता येत नाही. तिथे डॉक्टरांनी तसे स्पष्ट सांगावे, मी वाद घालणार नाही. परंतु तपासण्या, कागदपत्रे आणि खाट यांची वाट पाहण्यात आठवडे जातात, तेव्हा ही घाई कुठे असते?

विद्या नाही म्हणावे, तर तेही नाही. परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. त्याच्या शेजारच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी, डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी, शरीराबाहेर फलित केलेल्या बीजापासून मुलगी जन्मली. त्याआधी १९७८ साली कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी गोठवलेल्या गर्भापासून मूल जन्माला आणले, आणि मानाऐवजी अवहेलना पदरी घेतली. विद्या कित्येक वर्षे दारात उभी आहे. अडते ते विचारण्यापाशी.

दुसरे उत्तर घरातून येते : 'अविवाहित मुलीजवळ असले कसे बोलायचे? बभ्रा झाला तर स्थळे कोण आणील?' म्हणजे जिच्या देहाचा प्रश्न, तिच्यापासूनच तो लपवायचा. आणि कशासाठी, तर न पाहिलेल्या सासरासाठी! बापाला बाहेर बसवून मुलीशी दोन वाक्ये बोलणे डॉक्टरांना इतके जड का जावे?

तिसरे उत्तर सज्जनांचे : 'दत्तक घ्या.' दत्तक ही थोर गोष्ट आहे. पण धडधाकट जोडप्याला लग्नाच्या मांडवात हा उपदेश कोणी करीत नाही. तो राखून ठेवलेला असतो आजाऱ्यासाठी. शिवाय दत्तकाच्या नियमांत जिवाला धोका असलेला आजार नसावा अशी अट आहे. तेव्हा बऱ्या झालेल्यालाही तिथे आपले बरेपण सिद्ध करावेच लागते.

'गरोदरपणात रोग उलटेल' ही भीती मात्र खरी वाटणारी आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या सुमारे पाचशे स्त्रियांनी मुलासाठी संप्रेरकांचा उपचार दोन वर्षांपर्यंत थांबवला होता. पहिल्या काही वर्षांत तरी त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. दूरचे अजून पाहायचे आहे. पण भीतीपोटी दार बंद करणे आणि माहिती देऊन निर्णय तिच्यावर सोपवणे, यांत फरक आहे.

र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' चालवून संततिनियमनाचा पुरस्कार केला. मूल नको म्हणण्याच्या अधिकाराला दुसरी बाजू आहे : ते हवे म्हणण्याची. शासनाला ती दिसत नाही. १९५२ पासून कुटुंबनियोजन चालवणाऱ्या शासनाने नसबंदीसाठी माणसांना रोख पैसे दिले. आज आयुष्मान भारत योजनेत कर्करोगाच्या उपचाराला पैसे आहेत, प्रजननविषयक उपचार मात्र वगळलेले आहेत. मूल होऊ नये म्हणून तिजोरी उघडते. औषधाने हिरावलेली शक्यता जपायची म्हटली की तिला कुलूप! मग ज्याच्याकडे पैसे असतील त्यानेच उद्याची आशा विकत घ्यावी.

माझी मागणी मोठी नाही. औषधाच्या पहिल्या मात्रेपूर्वी केसपेपरवर एक ओळ असावी : मूल होण्याच्या शक्तीविषयी रुग्णाला सांगितले काय? खाली रुग्णाची सही. आणि जो उपचार ही शक्ती नेतो, त्याच्याच खर्चात ती जपण्याचा खर्च धरावा. कोणी 'मला मूल नको' म्हणेल. उत्तम! पण ते तिने म्हणावे. आपण गप्प राहून तिच्या वतीने म्हणू नये.