तासांच्या मापाने मोजलेला वाडा

करमणुकीचे मोल तिच्या लांबीवरून ठरवावयाचे, ही सवय आपल्या हाडीमांसी खिळली आहे. चित्रपट दीड तासात आटोपला की तिकिटाचे पैसे बुडाल्यासारखे वाटतात. व्हिडिओ खेळांच्या जगात या सवयीपायी ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांत 'लुइजीज मॅन्शन' या खेळाचा क्रम फार वरचा लागेल. क्योटोच्या निन्टेन्डो कंपनीने २००१ साली आपले गेमक्यूब हे यंत्र विक्रीस काढले, तेव्हा त्यासोबत हा खेळ आला. खेळ गोड आहे, परंतु सहा-सात तासांत संपतो, असा शेरा तेव्हा मारला गेला आणि तो त्यास कायमचा चिकटला.

हा आक्षेप अर्थशास्त्राच्या कसोटीवरही टिकत नाही. तासांची संख्या हे परिमाण झाले, उपयोगिता नव्हे. त्या तासांत काय घडते, हे पाहावयास हवे.

भाग न घेतलेल्या स्पर्धेत लुइजीस एक वाडा बक्षीस मिळतो, आणि त्या वाड्यात त्याचा थोरला भाऊ मारिओ नाहीसा होतो. भित्र्या लुइजीच्या हाती एक विजेरी आणि प्राध्यापक गॅड यांनी दिलेला व्हॅक्यूम क्लीनर एवढीच सामग्री. (दुसऱ्यास भुतांच्या तोंडी देऊन स्वतः सुरक्षित जागी थांबणारे प्राध्यापक आमच्या व्यवसायास अगदीच अपरिचित नाहीत!) विजेरीचा झोत अंगावर पडताच भूत दचकते, त्याचे हृदय दिसू लागते, आणि त्याच क्षणी त्यास यंत्रात ओढावयाचे असते.

पण वाड्यातील मुख्य भुते अशी सहज वश होत नाहीत. अभ्यासिकेत एक गृहस्थ पुस्तकात डोके खुपसून बसले आहेत. ते जांभई देईपर्यंत थांबावे लागते. शयनगृहात त्यांची पत्नी केस विंचरीत असते. खिडकीचा पडदा उघडून गार वारा आत सोडला म्हणजे ती मागे वळते. येथे बळाचे काम नाही, माणूस ओळखण्याचे आहे. खोली निर्वेध झाली की दिवे लागतात. अंधारात मात्र लुइजी पार्श्वसंगीताचीच चाल कापऱ्या आवाजात गुणगुणतो, आणि बटण दाबताच भावास हाक मारतो. धैर्याचे इतके खरे चित्र शूर नायकांच्या खेळांत क्वचितच आढळते.

पुढे २०१३ साली दुसरा भाग आला, त्यात अनेक वाडे होते. २०१९ च्या तिसऱ्या भागात तर मजल्यांवर मजले असलेले हॉटेलच आले. लांबीची तक्रार मिटली. परंतु एकाच जिन्यावरून पुनःपुन्हा जाताना जे घर ओळखीचे होत जाते, ते तेथे माझ्या मते हरवले.

मूळ खेळाचा खरा दोष कोणी फारसा बोलून दाखवीत नाही. तो शेवटी आहे. भाऊ सुटतो, वाडा नाहीसा होतो, आणि मग लुइजीने जमविलेल्या द्रव्याचा हिशेब मांडून त्यास 'ए'पासून 'एच'पर्यंत श्रेणी दिली जाते. तीनुसार नवे घर मिळते. कपाटे-खण उपसण्यात वेळ न घालविता जो केवळ भावाच्या ओढीने धावत सुटला, त्याच्या वाट्यास 'एच' श्रेणी आणि एक तंबू येतो.