खाते क्रमांक म्हणजे हिशेबाचा आकडा नव्हे

आमच्या मोहल्ल्याच्या जमातीची शिष्यवृत्तीची यादी यंदा आम्ही संगणकावर केली. ३८ मुलामुलींची नावे, इयत्ता, बँकेचा खाते क्रमांक आणि रक्कम. पैसा जकातीचा, म्हणून प्रत्येक नाव दोनदा वाचून घेतले. तरी पाच जणांचे पैसे परत आले. त्यात नर्सिंगला प्रवेश मिळालेली एक मुलगी होती आणि तिची फी भरायची मुदत दोन दिवसांवर आली होती. तिची अम्मी पासबुक घेऊनच आली. पासबुकात क्रमांकाच्या शेवटी ७, आमच्या यादीत ०.

उरलेल्या चौघांचे क्रमांक काढून पाहिले, तर त्यांच्याही शेवटी शून्यच! आम्ही तर ७ टाइप केल्याचे शपथेवर सांगायला तयार होतो. आणि खरोखरच आम्ही ७ टाइप केला होता.

झाले असे, की एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच सांभाळते. त्यापुढच्या अंकांच्या जागी ते गुपचूप शून्य टाकते, इशाराही देत नाही. काही बँकांचे खाते क्रमांक ११ अंकी असतात, त्यांना धक्का लागत नाही. पण १६ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक जातो. क्रमांकाची सुरुवात शून्याने असेल तर ते शून्यही उडते. आधारचे १२ अंक शाबूत राहतात, पण चौकटीत १.२३४५७ई+११ असे काहीतरी विचित्र दिसते. पैसे परत आले हे अल्लाहचे मोठे उपकार. तो चुकीचा क्रमांक दुसऱ्या कोणाचा असता, तर जकात कोणाच्या खात्यात गेली असती?

उपाय अगदी सोपा आहे, मात्र तो टाइप करण्याआधी करायचा. ज्या रकान्यात क्रमांक लिहायचे, त्याच्या डोक्यावरील अक्षरावर क्लिक करून पूर्ण रकाना निवडा. कंट्रोल आणि १ ही बटणे एकत्र दाबा. समोर येणाऱ्या यादीतून ‘टेक्स्ट’ निवडून ओके करा. आता एक्सेल त्या रकान्यातील मजकूर जसाच्या तसा ठेवील. एखादाच क्रमांक लिहायचा असेल तर त्याच्याआधी एकेरी अवतरण चिन्ह द्या. ते चौकटीत दिसत नाही. मग कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण उमटतो. तो पाहून पुष्कळजण घाबरतात आणि ‘कन्व्हर्ट टू नंबर’वर क्लिक करून केलेले काम पुन्हा बिघडवतात. त्रिकोण राहू द्या, तो काही खात नाही.

मग सगळेच रकाने टेक्स्ट करून टाकावेत का? नाही. ज्याची बेरीज करायची तो आकडा, ज्याची कधीच बेरीज करायची नाही तो मजकूर, एवढे ध्यानात ठेवा. मोबाईल, आधार, पिनकोड, खाते क्रमांक यांची बेरीज कोण करतो? रकमेची मात्र करायची असते. तिथे आपली जुनी सवय आडवी येते. पावतीबुकात लिहितो तसे ‘५००/-’ लिहिले की एक्सेलला तो मजकूर वाटतो आणि बेरजेच्या सूत्रात ती रक्कम धरलीच जात नाही. फित्र्याच्या हिशेबात अशा चार नोंदी असल्या, तर खजिनदाराच्या हातातली रोकड आणि कागदावरची बेरीज जुळत नाही आणि बिचाऱ्याकडे उगाच संशयाने पाहिले जाते. रकमेच्या रकान्यात नुसते ५०० लिहा.

नावे अकारविल्हे लावतानाही जपा. फक्त नावांचा रकाना निवडून क्रम लावायला सांगितले की एक्सेल विचारते, शेजारचे रकाने बरोबर घ्यायचे का? तिथे ‘एक्सपांड द सिलेक्शन’ हाच पर्याय घ्या. नाहीतर नावे हलतील, खाते क्रमांक आणि रकमा जागीच राहतील.

ज्यांच्या याद्या आधीच तयार आहेत त्यांनी आज एवढे करावे: १६ अंकी आणि शेवटी शून्य असलेले सर्व क्रमांक वेगळे काढावेत. आता टेक्स्ट केल्याने गेलेला अंक परत येत नाही. पासबुक मागवून क्रमांक नव्याने लिहावा लागतो. आम्ही तसेच केले. त्या मुलीच्या खात्यात पैसे मुदतीच्या दिवशी दुपारी जमा झाले.