विश्लेषण : धक्का उंच करा, करात सूट घ्या! पण छोट्या मच्छीमाराचं काय?

१० आणि १३ जानेवारी २०२४. चार दिवसांत दोन वादळांनी अमेरिकेतल्या मेन राज्याचा किनारा झोडपला. पोर्टलंडमध्ये भरतीच्या पाण्याने १४.५७ फुटांची पातळी गाठली आणि १९७८चा उच्चांक मोडला. लॉबस्टर पकडणाऱ्यांचे लाकडी धक्के आणि शेड वाहून गेले.

प्रस्ताव काय?
मेनचे सिनेटर सुसान कॉलिन्स आणि अँगस किंग यांनी त्यानंतर विधेयक मांडलं. समुद्रावर चालणाऱ्या व्यवसायाने वादळापासून बचावाची कामं केली, तर खर्चाच्या ३० टक्के, कमाल ३ लाख डॉलर, एवढी करसवलत द्यायची.

फायदा कोणता?
नुकसानभरपाई धक्का मोडल्यावर मिळते. ही सवलत तो मोडू नये म्हणून आहे. दिशा योग्यच.

मेख कुठे?
पैसे आधी स्वतःच्या खिशातून घालायचे, सवलत नंतर. १ लाख डॉलरच्या कामावर ३० हजार सुटतील, पण उरलेले ७० हजार एका बोटीवर घर चालवणाऱ्याने आणायचे कुठून? ज्याचा करच कमी, त्याला करसवलतीचा उपयोगही कमी.

म्हणून सवलतीच्या जोडीला आगाऊ अनुदान किंवा स्वस्त कर्ज हवं. मेनच्या ५ हजार मैलांहून लांब किनाऱ्यापैकी जेमतेम २० मैल मासेमारीसारख्या व्यवसायांकडे उरल्याचं २००७ची पाहणी सांगते. कर्जापायी विकलेल्या धक्क्यावर एकदा बंगला उभा राहिला, की तिथे पुन्हा बोट लागत नाही.