चालू होतो, पण बंद कसा होतो?

किल्ली माझ्या मुठीत होती आणि जनरेटर धडधडत होता. रात्रीचे अकरा वाजून गेलेले. वीज येऊन अर्धा तास झाला होता, सगळ्या खिडक्यांत दिवे लागले होते आणि आवारात आम्ही सात-आठ जण, कुणी लुंगीवर तर कुणी पायजम्यावर, त्या यंत्राभोवती उभे होतो. मी सोसायटीचा सेक्रेटरी. किल्ली फिरवून झाली, काढून झाली, पुन्हा घालून फिरवून झाली. लाल बटण तर इतक्यांदा दाबलं की अंगठा दुखायला लागला. यंत्राला त्याचं काहीच नव्हतं.

ही २००६ च्या उन्हाळ्यातली, सांगलीतली गोष्ट. महाराष्ट्रात भारनियमनाने कळस गाठला होता. आमच्या इमारतीत लिफ्ट होती, पाण्याचा पंप होता आणि जिने चढू न शकणारी म्हातारी माणसं होती. नवा जनरेटर परवडेना. एक मंगल कार्यालय बंद पडलं होतं, त्यांचा २५ केव्हीएचा संच विकायचा होता. आम्ही तिघे तो बघायला गेलो. मी बँकेत नोकरी केलेला माणूस. खरेदीच्या बाबतीत स्वतःला फार हुशार समजतो. चौकशी करूनच गेलो होतो. आधी इंजिनाला हात लावून ते थंड आहे ना ते पाहिलं, कारण गिऱ्हाईक यायच्या आत यंत्र तापवून ठेवायची काही विकणाऱ्यांची रीत असते. धुराचा रंग पाहिला. ऑइलची पट्टी काढून पाहिली. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग नाही, तासांचा आकडा फार नाही, दिवे-पंखे लावले तरी व्होल्टेज पडत नाही, हे सगळं पाहिलं. मग म्हटलं, "करा बंद." विकणाऱ्याचा माणूस "आलोच" म्हणून मागच्या बाजूला गेला आणि दोन क्षणांत यंत्र थांबलं. तो मागे का गेला, हे आमच्यापैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही. आमच्या आवारात संच बसवून चाचणी घेतली तेव्हाही तो असाच मागे जाऊन आला. पावतीवर सही माझी आहे.

तर त्या रात्री. एकानं सुचवलं, बॅटरीची वायर काढा. दुसरा म्हणाला, डिझेल संपेपर्यंत चालू द्या. टाकीत तर पन्नास लिटर होतं. एवढ्यात आमचा वॉचमन, बिचारा मदत करायच्या हेतूनं, गोणपाटाची घडी घेऊन हवेच्या फिल्टरकडे निघाला. त्यानं कुठंतरी ऐकलं होतं की इंजिनाचं नाक दाबलं की ते गुदमरतं. ऐकलं होतं ते खोटं नव्हतं. पण वेगानं फिरणारं इंजिन हवा ओढतं ती जबर. कापड आत खेचलं जातं आणि कापडामागून हात. "अरे, हात काढ!" असा आवाज आला तो तळमजल्यावरच्या अण्णांचा. अण्णा म्हणजे एसटीच्या कार्यशाळेत तीस वर्षं काढलेले गृहस्थ.

अण्णांनी यंत्राला हात लावला नाही. आधी नुसते उभे राहून ऐकू लागले. मग मला म्हणाले, "साहेब, आवाज चढतोय का तेवढाच आहे?" मी म्हटलं, तेवढाच आहे. "मग घाबरायचं कारण नाही," असं म्हणून त्यांनी टॉर्च मागितली.

या एका प्रश्नात किती शहाणपण होतं ते मला नंतर उमगलं. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते. किल्ली फिरवली की ठिणगी बंद आणि इंजिन बंद. आपल्या सर्वांच्या डोक्यात स्कूटरचं हेच गणित बसलेलं असतं. डिझेलचं तसं नाही. रुडॉल्फ डिझेलनं १८९७ साली ऑग्सबर्गला चालवून दाखवलेल्या इंजिनाची सारी करामतच ही, की ठिणगी नाहीच. हवा पंधरा-वीस पटींनी दाबली की ती इतकी तापते की आत फवारलेलं इंधन आपोआप पेटतं. म्हणजे ते थांबवायचे मार्ग दोनच: इंधन तोडा, नाहीतर हवा. किल्ली स्वतः काहीच थांबवत नाही. ती फक्त एका विजेच्या खटक्याला, सोलेनॉइडला, निरोप देते आणि तो खटका पंपाचं डिझेल तोडतो.

आता, यंत्र नेहमीच्याच वेगानं चालत असेल, आपल्याकडच्या पन्नास सायकलच्या विजेसाठी बहुतेक संच मिनिटाला दीड हजार फेऱ्यांवर चालतात, तर त्याचा अर्थ एवढाच की डिझेल तुटलेलं नाही. निरोप कुठंतरी अडकला आहे. पण आवाज चढत असेल तर प्रकरण वेगळं. तेव्हा इंजिन पंपाचं डिझेल सोडून भलतंच काही खात असण्याची शक्यता असते: टर्बोचं सील फुटून आत आलेलं स्वतःचंच ऑइल, किंवा फिल्टरच्या भांड्यात जास्त ओतलेलं तेल. अशा वेळी डिझेल तोडून उपयोग नाही. हवाच कोंडावी लागते, तीही सपाट, मजबूत फळीनं आणि जाणत्या माणसानं. बाकीच्यांनी लांब पळावं. २० एप्रिल २०१० च्या रात्री मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तेलविहीर खोदणाऱ्या तराफ्यावर विहिरीतून उसळलेला वायू जनरेटरच्या इंजिनांत हवेवाटे शिरला. इंजिनं बेफाम झाली, दिवे भगभगून फुटले आणि मग स्फोट झाले. अकरा माणसं गेली.

आमचं प्रकरण सुदैवानं पहिल्या जातीचं होतं. अण्णांनी आधी भार जनरेटरवर नाही ना याची खात्री करून घेतली. मग मागचा दरवाजा उघडून टॉर्च मारली आणि "हां" म्हणाले. पंपाच्या कळीला तांब्याची तार बांधून तिचं टोक एका बोल्टला अडकवलं होतं. पकडीनं त्यांनी ते टोक उचकटलं. स्प्रिंगनं कळ मागे गेली, इंजिन दोन-चार गचके खाऊन थांबलं. एवढी शांतता आमच्या आवारात मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून सगळं तपासलं. बारा व्होल्टचा दिवा दोन वायरींना जोडून सोलेनॉइडच्या टोकाला लावला. किल्ली चालू, दिवा लागला. किल्ली बंद, दिवा विझला. म्हणजे किल्ली निर्दोष. दिवा तसाच जळत राहिला असता तर किल्लीचा स्विच, रिले, किंवा बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोकडून उलट येणारी वीज, यांच्यामागे लागावं लागलं असतं. दोष सोलेनॉइडमध्येच होता. त्याची कॉइल जळाली होती. आमच्या संचात वीज मिळाली तरच खटका डिझेल चालू ठेवतो. जळाला की इंजिन सुरूच होत नाही. (उलट रचनेचेही संच असतात; त्यांना बंद व्हायला वीज लागते. त्यात एक वायर तुटली की किल्ली, बटण सगळं मुकं. घ्यायचा झाला तर विचारून घ्यावा.) डिझेलचा कॉक बंद केला असता तर, मी विचारलं. थांबलं असतं, ते म्हणाले, पण फिल्टर आणि नळीतलं डिझेल संपायला वेळ गेला असता. आणि पुढच्या वेळी एअर काढल्याशिवाय सुरू झालं नसतं.

आणि मग त्यांनी जे सांगितलं त्यानं मला घाम फुटला. ऑइलचा दाब पडला, पाणी उकळलं किंवा कुणी लाल बटण दाबलं, तर ही सगळी संरक्षणं याच एका खटक्यामार्फत इंजिन थांबवतात. खटक्याला तार बांधली की सगळी एकदम गेली. गेले चार दिवस आमच्या आवारात, वॉचमनच्या खोलीपासून दहा पावलांवर, कशानंही न थांबणारं यंत्र उभं होतं आणि त्यावर ऐटीत लाल बटण होतं.

ज्यानं तार बांधली त्याला मी शिव्या देऊ शकत नाही. मांडवात वऱ्हाड जमलेलं, वीज गेलेली, कॉइल जळालेली. मीही बांधली असती. पण दुसऱ्या दिवशी ती सोडून नवी कॉइल बसवायला हवी होती, ते झालं नाही. काम चालू होतं ना! आपल्याकडे बंद पडलेलं चालू करणाऱ्याचा केवढा मान! जुगाडाच्या कहाण्या आपण कौतुकानं सांगतो. त्या जुगाडानं काय काय निकामी झालं, हे त्या कहाणीत कधीच नसतं. विकतानाही ते सांगायची पद्धत नाही. घेणाराही, माझ्यासारखा, विचारत नाही.

मला आमच्या तात्यांची आठवण झाली. गावाकडच्या विहिरीवर हँडल मारून सुरू करायचं इंजिन होतं. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. हँडल मारायचा मोठा हट्ट. तात्यांनी मला आठवडाभर फक्त इंजिन बंद करू दिलं. पंपाची कळ दाबून धरायची, फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत सोडायची नाही, मध्ये हात घालायचा नाही. तेव्हा मला तो शुद्ध छळ वाटला होता.

भारनियमन पुढे कमी झालं, पण जुने जनरेटर कमी झाले नाहीत. १ जुलै २०२३ पासून नव्या संचांना धुराचे कडक निकष लागले आहेत. त्यांची किंमत ऐकली की दवाखाने, सोसायट्या, कार्यालयं जुन्याकडे वळणारच. वळा, त्यात वावगं काही नाही. पण तेल आणि धूर पाहून झाल्यावर यंत्र किल्लीनं बंद करून बघा. पुन्हा चालू करून लाल बटणानं बंद करा. माहितगाराकडून ऑइलच्या दाबाचं संरक्षण चाचणी घेऊन बघा. हातानं थांबवायची कळ कुठं आहे ते विचारा आणि तिला लाल रंग द्या. विकणारा मागे गेला तर तुम्हीही मागे जा. आणि हे सगळं सेक्रेटरीला नव्हे, वॉचमनला शिकवा, कारण रात्री यंत्राजवळ तोच असतो.

नवी कॉइल बसवायचा खर्च वार्षिक सभेत आला तेव्हा एक सभासद उठून म्हणाले, "पण जनरेटर तर चालू होता!" इतिवृत्तात ते वाक्य अजून आहे.

२०१३ साली आम्ही तो संच विकला. घ्यायला एक तरुण आला होता, चांगला जाणकार. इंजिन थंड आहे का पाहिलं, धूर पाहिला, पट्टी काढून पाहिली, तासांचा आकडा टिपून घेतला आणि खुशीत पैसे मोजायला लागला. मी म्हटलं, "थांबा, आधी बंद करून बघा."

तो हसला. "बंद काय काका, होतोच की!"

मी किल्ली त्याच्या हातात दिली.