जुन्या कंदिलाचे बिल

दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. रेल्वेचा जुना कंदील वा पितळी घंटा घरी असावी, अशी हौस नगरकरांना वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु किमतीआधी बिल विचारावे. रेल्वे आपले भंगार ई-लिलावात, मोठ्या लॉटने विकते. हौशी ग्राहकाने लिलावातील खरेदीदार गाठून लिलावाच्या कागदांची प्रत व वस्तूचे वर्णन असलेले बिल घ्यावे. कारण १९६६ च्या कायद्यानुसार, चोरीचा संशय असलेली रेल्वेची वस्तू आपल्याकडे सापडल्यास ती रीतसर मिळाल्याचे आपणच सिद्ध करावे लागते. अन्यथा पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बँकेत मालकीच्या कागदांवाचून आम्ही तारण स्वीकारत नसू. दिवाणखान्यातील कंदिलालाही तोच नियम लावावा.